उजेडातलं नाव

बोईसर नाक्यावरच्या टमटममध्ये नेहमीसारखी माणसं कोंबली होती. खड्डा आला, भाग्यश्री शेजारच्या उंच तरुणावर आदळली... आणि त्याच्या कॉलरच्या आत निळा उजेड पसरला.

"दिवा लागला तुमचा," ती कुजबुजली.

"सॉरी... गोळ्या उद्यापासून सुरू होतील." त्याने कॉलर वर ओढली. "लाजलो की लागतो."

"मग लाजा की! इथं कोनाला चटका बसतोय?"

तीन वर्षांपूर्वी तारापूरच्या समुद्रात उतरलेल्या परग्रहवासीयांपैकी तो एक. सरकारने त्यांना सालवडला खोल्या दिल्या, कारखान्यात कामं दिली, याला रूपेश, दुसऱ्याला विपुल अशी नावं दिली आणि वर अट घातली. शंभर दिवस रोज एक गोळी. शंभराव्या गोळीला गळ्यातला उजेड कायमचा विझणार, मगच रहिवासाचा कागद. आणि गोळ्या वाटायच्या खिडकीत बसायची कोण? भाग्यश्रीच! दुसऱ्या दिवशी तिला तिथं पाहून रूपेशचा पुन्हा दिवा लागला.

"इथं नका हो लाजू, साहेब बघतील."

"मग तुम्ही हसू नका."

गोळी घ्यायला एक मिनिट, गप्पांना अर्धा तास. आमच्याकडे नाव बोलत नाहीत, उजळतात, असं त्याने एकदा सांगितलं आणि आपलं खरं नाव उजळून दाखवलं. दोनदा भरभर, मग एकदा सावकाश, लांब. भाग्यश्रीचा त्या उजेडावर जीवच जडला. आश्रमशाळेत गुरुजींनी "बायडी हे काय नाव?" म्हणत तिला भाग्यश्री केलं होतं. तेव्हापासून बायडी फक्त पाड्यावर उरली होती.

शंभराव्या दिवशी त्याच्या गळ्यात जेमतेम निळसर छटा होती.

"द्या," त्याने हात पुढे केला. "कागद नसेल तर खोली जाईल, काम जाईल. आणि... तुम्ही तर इथेच असणार."

"माझ्यासाठी विझणार?" ती अशी भडकली की रांग दचकली. "विझलेला माणूस मला नको!"

तिने गोळी केराच्या टोपलीत भिरकावली. मोबाईलचा टॉर्च लावला, तळहाताने झाकत-उघडत त्याच्याकडे धरला. दोनदा भरभर, मग एकदा सावकाश... लांब.

त्याचा गळा लख्ख पेटला. मागे रांगेत कुणी उजळलं, मग आणखी कुणी.

"भाग्यश्री मॅडम!" मनीषसाहेब धावत आले. "नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे. आन् भाग्यश्री नाय, साहेब. बायडी. बायडी जिवल्या वरठा."

"बायडी," त्याने हळूच म्हणून पाहिलं. "येशील माझ्याबरोबर? कुठे... ते मलाही माहीत नाही."

"मला माहीत हाय. आमच्या पाड्यावर. तिथं कागद कोन इचारत नाय."

पाड्याकडे निघालेला टमटमवाला आरशात बघून वैतागला. "भाई, लाइट बंद करो ना!"

"नाय करनार," बायडी म्हणाली, आणि त्याला आणखी खेटून बसली.