नव्वद मीटरवरचं फाटक

गाडी घरापासून नव्वद मीटरवर आली होती.

बाईंनी मोबाइलवरचा नकाशा दोन बोटांनी ताणून मोठा केला. निळी रेघ तीच सांगत होती. रुग्णवाहिका गल्लीच्या दक्षिण तोंडाशी आली, मिनिटभर थांबली आणि मागे वळली. मग पूल, मग बाजाराला वळसा, मग उत्तरेच्या तोंडाने आत. अकरा मिनिटं. तोवर बाबांच्या छातीवर दाब देता देता बाईंचे हात बधिर झाले होते आणि बाबा गेले होते.

रुग्णवाहिकेला फोन केला की नातेवाइकाच्या मोबाइलवर एक लिंक येते. गाडी कुठवर आली ते नकाशावर दिसतं. त्या सकाळी ती उघडायला बाईंना तिसरा हात नव्हता. आज, नवव्या दिवशी, त्यांनी ती उघडली.

तक्रार मात्र त्या दुसऱ्याच दिवशी देऊन आल्या होत्या. दोनच वाक्यं. ‘चालक वाटेत रेंगाळला. प्यायलेला असावा.’ दुसऱ्या वाक्याला कसलाही आधार नव्हता. रागाला लागतो कुठे आधार? गुरुवारी चौकशी होती आणि एका माणसाची नोकरी त्या दोन वाक्यांवर टांगलेली होती.

बाई शाळेत भूगोल शिकवत. नकाशा हा त्यांचा रोजचा धंदा. गेल्याच महिन्यात वर्गातल्या मुलांनी शाळेच्या मैदानाचा नकाशा उघडून त्यावर झाडं उभी केली, उंची भरली, तारीख आणि वेळ सरकवली. सावल्या गोगलगायीसारख्या सरकू लागल्या. बाकं कुठे ठेवायची ते मुलांनी त्यावरून ठरवलं. मुख्याध्यापकांचा बाक भर उन्हात निघाला तेव्हा वर्ग खदाखदा हसला होता.

अशा बाईला नकाशावरचे नव्वद मीटर स्वस्थ कसे बसू देणार?

चालक गाडीतळाच्या बाकावर बसला होता. निलंबित माणसानेही रोज येऊन सही करायची, असा तिथला नियम. पन्नाशी उलटलेली, गणवेशाची इस्त्री अजून कडक. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला.

“का वळलात?” बाईंनी बसायचीही वाट पाहिली नाही.

“आत फाटक आहे, ताई.”

“आमच्या गल्लीत फाटक नाही. मी जन्मले तिथे.”

“गाडीतल्या नकाशाच्या पडद्यावर आहे. तोंडाशी आल्यावरच दिसतं.”

“आणि डोळे? ते घरी ठेवून आला होतात?”

“गल्ली आत जाऊन वळते. वळणापलीकडचं तोंडाशी उभं राहून दिसत नाही. आत शिरावं आणि फाटक लागलं, तर त्या अरुंद जागेतून एवढी गाडी उलटी काढायची कशी? गेल्या वर्षी एकाने पडदा मानला नाही. अडकला. घरी बसवला त्याला. तेव्हापासून लेखी आदेश आहे, पडदा सांगेल तोच रस्ता.”

“आदेश कुणाचा?”

“नकाशा विभागाच्या साहेबांचा.”

“उतरून धावत यायचं होतं.”

“पत्ता नुसता गल्लीचा होता, घर आत किती लांब ते ठाऊक नव्हतं. तुम्हाला दोनदा फोन केला, ताई. फाटकाची किल्ली कुणाकडे आहे, विचारायला.”

न उचललेले ते दोन फोन बाईंच्या मोबाइलवर अजून होते. अनोळखी क्रमांक. त्यांचा आवाज खाली आला.

“त्या दिवशी प्यायला होतात?”

“माझा बाप दारूने गेला, ताई. मला वाससुद्धा खपत नाही.” तो थांबला. “तुम्ही लिहिलंय ते वाचलं मी. घरी बायकोनेही वाचलं.”

बाई आल्या तशाच परत फिरल्या.

घरी येऊन त्यांनी रुग्णवाहिका सेवेचा नकाशा संगणकावर उघडला. तो कुणालाही पाहता येतो. गल्लीच्या वळणापाशी लाल रेघ होती. तिच्यावर टिचकी मारली तशी चौकट उघडली. ‘लोखंडी फाटक. पश्चिम बाजूस कुलपाचा खांब. कायम बंद. प्रत्यक्ष पाहून नोंद.’ खाली जानेवारीची तारीख, वेळ आणि नकाशा विभागाच्या साहेबांचं पद.

लाल रेघेखाली विमानातून काढलेला फोटो लावायची सोय होती. ताज्या फोटोत रस्ता मोकळा. बाईंनी काळाची पट्टी मागे सरकवली. सोळा डिसेंबर, सकाळी दहा वाजून चार मिनिटं.

त्यांनी फोटो ताणून मोठा केला. लाल रेघेखाली, अगदी तंतोतंत, काळी रेघ होती. टोकाला छोटासा आडवा ठिपका.

म्हणजे फाटक होतं? आणि कुणीतरी काढून टाकलं?

गल्लीत फाटक लावेल असा एकच माणूस होता. शिटीवाले काका. समोरच्या घरात राहत, गळ्यात शिटी अडकवून अंगणात बसत आणि गल्लीतून मधला रस्ता काढणाऱ्या प्रत्येक गाडीवर ती फुंकत.

“काका, फाटक तुम्ही लावलं होतं?”

“मी?” काकांनी शिटी तोंडातून काढली. “दहा अर्ज केले फाटकासाठी! दहा! एकाचंही उत्तर नाही. लावता आलं असतं तर कुलूप मी माझ्या हाताने घातलं असतं.”

“डिसेंबरच्या फोटोत दिसतंय.”

“मग फोटोला विचार. आणि हे बघ, पोरी.” काकांनी समोरच्या घराकडे बोट केलं. “तुझा बाप चाळीस वर्षं माझ्यासमोर राहिला. त्या सकाळी शिटी फुंकत उत्तरेच्या तोंडाशी धावत गेलो होतो मी. गाडी तिकडून आली ना. फाटक माझं असतं, तर आज तुला तोंड दाखवलं असतं का?”

बाई वळणापाशी गेल्या. भिंतींवरून हात फिरवला. बिजागरीची खूण नाही, रस्त्याला खड्डा नाही, सिमेंटचं ठिगळ नाही. पूर्वेच्या कडेला फक्त टेलिफोनचा जुना खांब, वर आडवी पट्टी. तारा कधीच्या गेल्या, खांब कुणी काढला नाही. गल्लीतले बाकीचे खांब सगळे पश्चिमेला.

घरी येऊन त्यांनी नकाशावरची मोजपट्टी लावली. गल्लीची रुंदी साडेचार मीटर. फाटकाची लांबी सव्वासहा.

बाईंनी पुन्हा मोजलं. सव्वासहा. मग खुर्ची पुढे ओढली आणि ते केलं, जे गेल्या महिन्यात वर्गातली मुलं करत होती.

गुरुवारी चौकशीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. मध्यभागी रुग्णवाहिका सेवेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई. त्यांच्या उजव्या हाताला नकाशा विभागाचे साहेब, समोर पाण्याचा ग्लास. भिंतीशी चालक. काकाही आले होते. शिटी दारावरच काढून ठेवायला लावली म्हणून चिडले होते.

“तक्रारदार बाई,” साहेब म्हणाले, “तुमचं दुःख आम्ही समजतो. चालकाने दुसरा रस्ता आधीच धरायला हवा होता. दोष सरळ आहे.”

“एक-दोन गोष्टी विचारू?”

“विचारा की.”

“फाटक तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“नोंदीतच आहे. प्रत्यक्ष पाहिलं.”

“किती वाजता?”

“दुपारी. चारच्या आसपास.”

“जवळून?”

“हात लावून पाहिलं! काळं लोखंड. कुलूप होतं.” साहेबांनी काकांकडे मान वळवली. “या गृहस्थांचे दहा अर्ज आमच्याकडे आहेत. परवानगी नव्हती तरी रहिवाशांनी फाटक लावलं. माणूस गेल्यावर गुपचूप उपटलं. आणखी काय सांगू?”

“खोटारड्या!” काका उठले. डॉक्टरीणबाईंनी हातानेच त्यांना बसवलं.

“फाटक रस्त्यावर आडवं होतं की तिरपं?” बाईंनी विचारलं.

“आडवं. फाटक तिरपं कोण लावतं?”

“तेच मी म्हणते.” बाईंनी संगणक डॉक्टरीणबाईंसमोर ठेवला. “ही तुमच्या नकाशातली रेघ. गल्ली साडेचार मीटर रुंद, फाटक सव्वासहा मीटर लांब. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तिरपं. असं फाटक उघडणार कुठे? भिंतीत?”

साहेबांनी ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला.

“हा डिसेंबरचा फोटो. काळी रेघ दिसतेय. इथे पूर्वेला खांब आहे, आजही आहे. मी नकाशावर त्या जागी तेवढ्याच उंचीचा खांब उभा केला. वरची आडवी पट्टीसुद्धा. आता तारीख घालते. सोळा डिसेंबर. वेळ, दहा वाजून चार.”

त्यांनी पट्टी सरकवली. पडद्यावर खांबाची सावली हलू लागली, भिंतीवरून खाली उतरली, रस्त्यावर आली आणि लाल रेघेवर जाऊन बसली. आडव्या पट्टीची सावली नेमकी ‘कुलपाच्या खांबा’वर.

डॉक्टरीणबाई पडद्याकडे वाकल्या.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “तुम्ही सावलीला हात लावलात. आणि तिला कुलूप होतं.”

“योगायोग...”

“सकाळी दहाची सावली तुम्हाला दुपारी चारला लोखंडी कशी लागली? गल्लीत तुम्ही गेलाच नाहीत. खुर्चीत बसून फोटो पाहिलात, काळी रेघ दिसली, फाटक लिहिलंत. त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी मी उघडल्या. ‘प्रत्यक्ष पाहून’ अशा एक्केचाळीस गल्ल्या. पहिली दुपारी तीनला, शेवटची पाचला. शहराच्या चार टोकांना. उडत होतात?”

“अहो, माणसं कुठे होती माझ्याकडे?” साहेबांचा आवाज फाटला. “वरून रोज फोन, नकाशा कधी पुरा होतो! एक्केचाळीस गल्ल्या मी एकटा...”

“मग ‘पाहिलं नाही’ असं लिहायचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दोन शब्द. आणि वर याच माणसाला आरोपी करून स्वतः चौकशीला बसलात?”

साहेबांनी ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. अशा माणसांना नंतर पाणी फार आवडायला लागतं.

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. “त्या एक्केचाळीस गल्ल्यांमधली सगळी फाटकं पडद्यावरून आत्ताच्या आत्ता काढा. आणि माणसं पाठवा. पायी.” मग साहेबांकडे न बघता म्हणाल्या, “तुम्ही बाहेर थांबा. तुमचा जबाब वेगळा घ्यायचाय. तोही लेखी.”

साहेब गेल्यावर बाईंनी स्वतःची तक्रार पुढे ओढली.

“यातही एक न पाहता लिहिलेलं आहे,” त्या म्हणाल्या. “ते माझं.” दोन्ही वाक्यांवर त्यांनी काट मारली, खाली सही केली आणि कागद चालकाच्या हातात दिला. “घरी दाखवा. वहिनींना.”

चालकाने कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला. माफ केलं असं म्हणाला नाही. बाईंनी तशी अपेक्षाही केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला किल्ल्या परत मिळाल्या. सकाळी दहाच्या सुमारास रुग्णवाहिका गल्लीच्या दक्षिण तोंडाशी उभी राहिली. बाई पुढच्या सीटवर बसल्या. त्यांनीच बोलावलं होतं.

“खरंच बघायचंय, ताई?”

“चला.” बाईंनी मोबाइलवर सेकंद मोजायला लावले.

गाडी आत शिरली. काका अंगणात उभे होते, शिटी गळ्यात, पण त्यांनी ती तोंडाला लावली नाही. वळण आलं. खांबाची सावली आता उन्हाळ्याची, रस्त्यावर सरळ आडवी पडलेली. चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मग त्याने तो उचलला.

चाक सावलीवरून गेलं. काहीच लागलं नाही.

गाडी घरासमोर थांबली. बाईंनी मोबाइलमधलं घड्याळ पाहिलं.

“किती?” चालकाने विचारलं.

“बावीस सेकंद,” बाई म्हणाल्या.