थरातला अंगठा

आमच्या कारखान्यातून बाहेर पडणारं सगळं सोन्यासारखं दिसतं आणि त्यात सोनं गुंजभरही नसतं. ड्रिलची पाती, कात्र्या, ऑपरेशनची हत्यारं आणि अलीकडे माणसांच्या अंगात बसवायचे सांधे. आम्ही त्यांच्यावर टायटॅनियम नायट्राइडचा थर चढवतो. केसाहून कितीतरी पातळ, पण कानशीने घासला तर कानसच झिजते.

हे होतं कसं, ते मी काम करता करता, लोकांना विचारून भंडावून शिकले. कपाटाएवढी पोलादी भट्टी. तिच्यातली हवा पंपाने ओढून काढायची, आत टायटॅनियमची वाफ करायची आणि मग बेताबेताने नायट्रोजन सोडायचा. एरवी हा वायू महा आळशी. दिवसभर आपल्या नाकातून आत-बाहेर करतो, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या पोकळीत मात्र तो धातूच्या कणांमधल्या फटींत शिरतो आणि ठाण मांडून बसतो. मग उठत नाही. कमी पडला तर रंग फिकट, जास्त झाला तर तांबूस. मधला नेमका पिवळा साधणं हे माझं काम.

पथ्य एकच. धुतलेल्या वस्तूला उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचं तेल लागलं की तिथे थर धरत नाही, पोपडा निघतो, आणि ठसा असा उमटतो की चोर शोधायला पोलीस नकोत.

म्हणून ड्रिलच्या पात्यावर अंगठा उमटला तेव्हा मास्तर ते पातं घेऊन थेट माझ्याकडे आले. मास्तर आमच्याकडे तपासणी बघतात. शाळेत कधी शिकवलं नाही, पण चुका काढायची हौस दांडगी, म्हणून हे नाव.

"बाई, ही कृपा कुणाची?"

"माझी नाही. मी झोपेतसुद्धा हातमोजे काढत नाही म्हणतात घरी."

"मग काय भुताने लावला?"

"त्याची बोटं तेलकट असतात का, तेवढं विचारून या."

मास्तर हसले. मग त्यांनी पातं भिंगाखाली धरलं आणि हसू ओसरलं. आकार अंगठ्याचाच होता, पण रेषा सरळ होत्या. पट्टीने आखल्यासारख्या, एकीशेजारी एक. आणि तिथे पोपडा नव्हता. त्यांनी हिऱ्याच्या टोकाच्या सुईने ओरखडून पाहिलं. जोर दिल्यावर आजूबाजूचा थर निघाला, ठशाचा नाही निघाला.

"आतल्या कसल्यातरी जाळीची सावली पडली असेल," ते म्हणाले.

"असेल," मी म्हटलं. दोघांनाही ते सोयीचं होतं.

नंतर कात्र्यांची खेप निघाली. या वेळी मी प्रत्येक कात्री चिमट्याने टांगली होती आणि मास्तर डोक्यावर उभे होते. तरी एका पात्यावर अंगठा. रेषा आता कडेला वळायला लागल्या होत्या. वेड्यावाकड्या, पहिल्यांदा अक्षर गिरवणाऱ्या हाताच्या.

आम्ही भट्टी उघडून आतून पुसून काढली. जाळी कुठेच नव्हती.

त्याच्या पुढच्या खेपेत ताईचा गुडघा होता.

ताई माझी थोरली बहीण. तिचा गुडघा पार झिजलाय. खुर्चीतून पलंगावर जायचं तरी कुणीतरी काखेत हात घालावा लागतो. त्यात तिच्या अंगाला निकेल चालत नाही. घड्याळाच्या साध्या पट्ट्याने मनगटाला फोड येतात. म्हणून डॉक्टरांनी थर चढवलेला सांधा सांगितला. मग आतला धातू अंगाला लागत नाही. तिच्या मापाचा हा एकच मिळाला होता. दुसरा कधी येईल, ते सांधे बनवणारी कंपनी सांगत नव्हती.

"माझा दागिना झाला का गं?" ती फोनवर विचारायची.

"घडवतेय. धीर धर."

"धीरच धरलाय. दुसरं काही धरून उभं राहता येत नाही मला."

भट्टी उघडली तेव्हा सांध्याच्या गोल, चकचकीत पाठीवर पुरा अंगठा होता. मधोमध भोवरा, त्याच्याभोवती वळत गेलेल्या बारीक रेषा. मास्तरांनी सगळ्यांना काचेवर अंगठे टेकवायला लावले. बराच वेळ भिंगातून एकेक पाहिला.

"कुणाचाच नाही," ते म्हणाले. मग हळूच, "पण आता माणसाचा वाटतो."

कंपनीने असा सांधा घेतला नसता. थर रसायनात उतरवून पुन्हा चढवता येतो, पण एकदाच. दुसऱ्यांदा उतरवला की खालची चकाकी जाते आणि तुकडा भंगारात. आम्ही तो उतरवला, धुतला, टांगला. या वेळी भट्टीत दुसरं काही ठेवलं नाही.

भट्टीच्या दाराला तळहाताएवढी काच आहे. तिच्यावर झडप असते. अधूनमधून उचलून बघायचं. भर दुपार होती, शेजारी कंप्रेसर घरघरत होता. मी झडप उचलली.

आत नायट्रोजनचा जांभळट गुलाबी उजेड. सांधा सावकाश फिरत होता. समोर आला तेव्हा त्याच्यावर अंगठ्याएवढी जागा काळी दिसली.

सांधा फिरून मागे गेला.

काळी जागा गेली नाही. ती समोरच राहिली, अधांतरी.

मग ती काचेकडे आली आणि टेकली. तिच्यात रेषा होत्या.

लाल बटण माझ्या कोपराशी होतं. मध्येच थांबवलं तर थर अर्धवट, आणि अर्धवट थर म्हणजे भंगार. ताई खुर्चीतच.

मी झडप सोडली.

बटण दाबलं नाही.

सांधा बाहेर आला तो निष्कलंक. इतका नेमका पिवळा मला कधी साधला नव्हता. मास्तरांनी भिंगाखाली तो फिरवून फिरवून पाहिला.

"मी आत काहीतरी बघितलंय, मास्तर."

"काय?"

मी सांगितलं. त्यांनी सांधा पुन्हा भिंगाखाली धरला.

"सांध्यात दोष आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"मग पाठवा."

ऑपरेशन उत्तम झालं. अंगावर पुरळ नाही, ताप नाही. ताई आता काठी न घेता खिडकीपर्यंत जाते आणि खालच्या रस्त्यावरच्या लोकांच्या चालीला नावं ठेवते. डॉक्टर तर तिला बाकीच्या पेशंटांपुढे मिरवतात.

परवा सकाळी मी तिच्या पायाला मालिश करत होते. करता करता तिचा डोळा लागला. गुडघ्यावर वणाच्या कडेला मी अंगठा टेकवला, अगदी हलका.

आतून, बरोबर माझ्या अंगठ्याखाली, तेवढ्याच हलक्या हाताने कुणीतरी दाबलं.

मी थोडा जोर दिला. तिकडूनही तेवढाच आला.

कितीतरी महिन्यांनी ताई अशी गाढ झोपली होती. तिची झोप मोडेल म्हणून मी हात काढला नाही.