दाजींचं ताट

आमच्या कोल्हापुरात कुणी "जेवून जावा" म्हणालं, तर ते तोंडदेखलं नसतं. नको म्हणालात तर भांडण होतं, आणि भांडून झालं की जेवावंच लागतं. मी इथंच जन्मले, इथंच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात एकांकिका लिहिते. पहिल्या दोन एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच गारद झाल्या. एका परीक्षकानं तर "लेखिकेला गणित चांगलं येत असावं" असा शेरा मारला होता. तो शेरा माझ्या जिव्हारी लागला. तिसऱ्या एकांकिकेत मी जो हट्ट धरला, त्याचं मूळ त्या शेऱ्यातच होतं.

तिसरी म्हणजे 'ताट वाढलंय'. गोष्ट साधी. नवरा-बायको गडहिंग्लजहून येणाऱ्या पिराजी दाजींची वाट बघतायत. दाजी म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मटण शिजलंय, ताटं वाढलीत, मागचं दार सताड उघडं आहे. दोघं दाजींच्या आठवणी काढतात, भांडतात, हसतात. दाजी काही येत नाहीत. शेवटी बायको दाराकडं बघून "या दाजी, ताट वाढलंय" म्हणते आणि त्या रिकाम्या दारावरचा प्रकाश हळूहळू मालवतो. दाजी का आले नाहीत, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण ते दार रिकामं राहणं हीच माझी एकांकिका होती. यावेळी मी गणित मांडलं नव्हतं, जीव ओतला होता.

दाजींना मात्र मी मन लावून रंगवलं होतं. करकर वाजणाऱ्या चपला, जुनी जीप, दारात आले की दोनदा हॉर्न. कुणाकडं जेवले की त्याला परत जेवायला बोलावणार, आणि नुसतं बोलावून थांबणार नाहीत, स्वतः जीप घेऊन न्यायला येणार. आमचा दिग्दर्शक विश्वजित बँकेत नोकरी करतो आणि प्रत्येक गोष्टीला पुरावा मागतो. तो म्हणाला, "मॅडम, जो येणारच न्हाय त्याच्या चपला कशाला एवढ्या वाजवताय?"

"येणार नाही म्हणूनच," मी म्हटलं. "नुसत्या बोलण्यातून तो दिसला पाहिजे."

नवऱ्याच्या कामाला हंबीरराव होते. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. आवाज असा, की एसटी स्टँडवर शिंकले तर रंकाळ्यावरची बदकं उडतील. बायकोच्या कामाला आक्का. कसबा बावड्यात त्यांच्या म्हशी आहेत, आणि रंगमंचावर पाऊल टाकलं की मागच्या रांगेतला माणूसही सरसावून बसतो. तालमी दर रविवारी सकाळी, मंगळवार पेठेतल्या एका आखाड्याच्या वरच्या हॉलमध्ये व्हायच्या. खाली पैलवान शड्डू ठोकायचे आणि वर आम्ही.

पहिल्या तालमीला विश्वजितनं रिकामी ताटं मांडली. आक्का ताडकन उठल्या.

"रिकामं ताट वाढून कुणाला बलवायचं न्हाय. अन्नाचा खेळ करायचा न्हाय."

"अहो आक्का, नाटक हाय ते."

"नाटक तुमचं. वाढणार मी हाय."

झालं! पुढच्या रविवारपासून आक्का घरून डबा आणू लागल्या. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. हंबीररावांचा रविवार जोतिबाचा, त्यामुळं त्यांच्यासाठी वेगळं पिठलं. मी शाकाहारी, मला नुसता वास. तालीम संपली की बाकीची मंडळी दाजींच्या ताटासकट सगळ्याचा फडशा पाडायची. इतक्या आनंदाच्या तालमी मी पूर्वी कधी केल्या नव्हत्या. आक्का दर वेळी दाराकडं तोंड करून मनापासून हाक मारायच्या, "या दाजी, ताट वाढलंय," आणि ऐकणाऱ्याच्या पोटात खरोखर भूक उभी राहायची.

एका रविवारी तालीम संपली तेव्हा दाजींचं ताट जेवलेलं होतं.

सगळ्यांनी आधी हंबीररावांकडं बघितलं. ते भडकले. "जोतिबाची आन! रविवारी मी अंड्याला बी शिवत न्हाय, आन् मटण खाईन व्हय?"

"मग मांजर असंल," विश्वजित म्हणाला.

मी ताटाजवळ गेले. हाडं एका कडेला नीट रचून ठेवली होती. भाकरीचा तुकडासुद्धा उरला नव्हता. आणि ताटात हात धुतलेला होता. पाण्यावर रश्श्याचा तवंग तरंगत होता.

मांजर ताटात हात धूत नाही, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. मग हंबीरराव मोठ्यांदा हसले, "आक्का, तुमच्या हाताला चव हाय म्हंजे खरीच!" आणि आम्हीही हसलो. भुरटा कुणी खालच्या आखाड्यातला पैलवान असणार, असं ठरवून टाकलं. पैलवानावर सगळं खपतं.

पुढच्या वेळी हॉर्न वाजला. आक्कांचं वाक्य संपायला आणि खाली रस्त्यावर दोनदा हॉर्न वाजायला एकच गाठ पडली. मंगळवार पेठेत हॉर्न वाजणं ही काही बातमी नव्हे, मी मुलांना शिकवते तसं स्वतःलाही समजावलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा त्याच वाक्याला वाजला. त्याच्याही पुढच्या रविवारी हॉर्न वाजला, आणि मग सेटच्या दारामागं चपला करकरल्या.

इथं सेटबद्दल सांगायला हवं. आमचं दार म्हणजे कापड ताणलेल्या लाकडी चौकटीत बसवलेलं दार. ती चौकट हॉलच्या मागच्या भिंतीला लागून उभी केलेली. दार आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा उभा राहील एवढीच फट. त्या फटीत शिरायचं तर आमच्या दारातूनच, दुसरा रस्ताच नव्हता.

"काय म्हणतोय बघा मॅडम," विश्वजित त्या दिवशी चहाच्या टपरीवर म्हणाला. चेहऱ्यानं हसत होता, पण सारखा मागं वळून बघत होता. "आपण शेवटी दाजी आणूयाच. लोकांस्नी दाजी पायजेलच असणार. एक मिनटाची एंट्री. म्हंजे... कसं, आपणच आणलं तर बरं."

मला राग आला. चपला, हॉर्न, जेवलेलं ताट हे सगळं एकीकडं, आणि माझा शेवट एकीकडं. "दाजी आले तर माझी एकांकिका मेली," मी म्हटलं. "मग ती तीन माणसांच्या जेवणाची गोष्ट होते. दार रिकामंच राहणार. मी लिहिलंय ते."

"तुमी लिवलंय खरं," तो म्हणाला, आणि पुढचं चहाबरोबर गिळून टाकलं.

मी माणूस हिशोबी. शंका आली की तपासते. पुढच्या रविवारी मी स्वतः त्या फटीत जाऊन उभी राहिले. पाठीला थंड भिंत, नाकासमोर उघड्या दाराची चौकट, आणि पलीकडं रंगमंचावर आक्का आणि हंबीरराव. रश्श्याचा वास दरवळत होता. खाली शड्डू थांबले होते. दोनदा हॉर्न वाजला. आक्कांनी मान वर केली.

"या दाजी, ताट वाढलंय."

आधी तंबाखूचा वास आला. मग प्रवासाच्या धुळीचा. करकर माझ्या अगदी कानाशी थांबली, सभ्यपणे, गर्दीच्या लग्नात कुणी पुढं जायला वाट मागावी तशी.

आणि मी अंग चोरून वाट दिली.

का दिली, मला सांगता येत नाही. समोर काहीही नव्हतं. दारातून कुणी गेलेलं दिसलं नाही. फक्त आक्कांची नजर दारातून ताटापर्यंत सरकत गेली आणि त्यांच्या चेहऱ्यावर पाहुणा जेवायला बसल्यावर बायकांच्या चेहऱ्यावर येतं ते समाधान आलं. मला भीती वाटली. खरी भीती. आणि त्याच क्षणी मनात आलं की आक्कांनी हेच काम अंतिम फेरीत केलं, तर आम्हाला कुणी हरवू शकत नाही. लिहिणाऱ्याची जात ही अशी.

प्राथमिक फेरी आम्ही सहज मारली. अंतिम फेरीला नाट्यगृह खच्चून भरलं होतं. नारळ फुटला, तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. मी विंगेत उभी होते. हंबीररावांच्या पहिल्याच वाक्याला हशा, मग टाळी, मग पुन्हा हशा. आक्का तर तळपत होत्या. आमच्या दारामागं आता भिंत नव्हती, काळा पडदा होता. तो स्तब्ध होता. एकदाही हलला नाही.

शेवट आला. आक्कांनी हाक मारली. दार रिकामं. मी श्वास रोखला. प्रकाश मालवायला सुरुवात व्हायची होती.

आणि प्रेक्षक हसले.

गोड हसले, ओळखीचं माणूस बघून हसतात तसे. प्रकाशयोजनेवरच्या पोराचा हात तिथंच थांबला. आक्कांनी भाकरी वाढली. रस्सा वाढला. मला रंगमंचावर दोघंच दिसत होती. प्रेक्षागृहातल्या माना मात्र सगळ्या एकदम त्या तिसऱ्या ताटाकडं वळल्या होत्या.

मग आक्का उठल्या, पदर सावरला आणि मी कधीही न लिहिलेलं वाक्य बोलल्या.

"व्हय की दाजी, येतो की आमी. आमच्या लिवणाऱ्या बाईंस्नी बी आणतो."

अंधार. टाळ्या.

मी विंगेतच आक्कांना गाठलं. "ते वाक्य कुठून आणलंत? कुणाशी बोलत होता?"

आक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. "दाजींशी. जेवायला बलवलं की त्यांनी सगळ्यांस्नी. न्हाय कसं म्हणायचं?" मग माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तुमीच आणलंय की ओ त्यास्नी."

लेखनाचं पहिलं पारितोषिक मला मिळालं. परीक्षक माईकवर म्हणाले, "ते दार रिकामं ठेवून टाळ्या घेण्याचा मोह लेखिकेनं टाळला, हे मला विशेष भावलं." मी ढाल हातात घेऊन उभी होते. खरं सांगायला तोंड उघडलं असतं, तर ढाल खाली ठेवावी लागली असती. मी ती घट्ट धरली.

"आणि अभिनयाचं पारितोषिक," परीक्षक पुढं म्हणाले, "एकही शब्द न बोलता रंगमंच भारून टाकणाऱ्या पिराजी दाजींना. यांचं नाव संस्थेनं कळवलेलं नाही. कृपया त्यांनी मंचावर यावं."

आमच्या रांगेतून कुणीच उठलं नाही. तरी टाळ्या सुरू झाल्या. परीक्षकांनी हसून हात पुढं केला, जरा वेळ तसाच धरला, आणि मागं घेऊन रुमालाला पुसला. माणूस खाली उतरून जागेवर बसेपर्यंत टाळ्या वाजत राहतात, तेवढा वेळ त्या वाजल्या, आणि थांबल्या.

ही झाली गेल्या आठवड्यातली गोष्ट. आज रविवार. तालीम नाही, म्हणून उशिरापर्यंत लोळले. माईनं, माझ्या आईनं, साबुदाण्याची खिचडी केली होती. ढाल शोकेसमध्ये होती आणि आल्यागेल्याला दाखवून माईचं समाधान होत नव्हतं. मलाही, खोटं कशाला बोलू, ढालीकडं बघून बरं वाटत होतं. कौतुकाचे फोन येत होते. आक्कांना दोनदा लावला, उचलला नाही. मग हंबीररावांना लावला. तो त्यांच्या बायकोनं उचलला.

"ते सकाळीच गेलं की ओ," त्या आनंदानं म्हणाल्या. "गडहिंग्लजला, जेवायला. न्यायला जीप आलती दारात. मी म्हटलं आज रविवार हाय, तर म्हणालं, त्यांनी माझ्यासाठी येगळं पिठलं केलंय."

"कोणी?" मी विचारलं.

"ते काय मला न्हाय म्हाईत. पर माणूस लई मायाळू. जीपमधनंच सारखं बसा बसा करत हुता."

मी फोन ठेवला. खिचडी गार होत होती.

खाली रस्त्यावर दोनदा हॉर्न वाजला.

"मैथिली, कुणाची गं जीप ही?" माई गॅलरीतून ओरडली. "मागं तुझ्या नाटकातली मंडळी बसलीत बघ. तो विश्वजितही आहे. हात करतायत."

"माई, आत ये," मी म्हटलं. तिचं लक्षच नव्हतं.

माई कठड्यावरून वाकली होती. पदर खांद्यावर नीट घेतला तिनं, अनोळखी पाहुण्यासमोर घेते तसा. गेली कित्येक वर्षं ती या गॅलरीतून पोस्टमनपासून भाजीवाल्यापर्यंत प्रत्येकाला जे म्हणत आली, तेच ती हसून म्हणाली.

"अहो, खाली कशाला थांबलाय? या की वर! चहा घेऊन जावा. दार उघडंच आहे."

जिन्यावर चपला करकरू लागल्या. मी दारापाशी जाऊन पोचले होते, कडीपर्यंत माझा हात गेलाही होता. करकर उंबऱ्याशी येऊन थांबली.

मी अंग चोरून बाजूला झाले.