डोकं नसलेला क्रूस

"आमच्या क्रूसाचं डोकं चोरीला गेलंय," मिस टॅपस्कॉट म्हणाल्या. डोकं आपलंच गेल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

नेदर कॉम्बच्या चौकातला हा सहाशे वर्षांचा दगडी क्रूस. उद्या पुरातत्त्व खात्याचा माणूस येणार, हे आठवडाभर ठाऊक होतं. त्याने होकार दिला तर क्रूस संरक्षित; नाहीतर रस्ता रुंदावताना तो उखडला जाणार. बाईंनी त्यासाठी अकरा वर्षं अर्ज केले होते.

"आजच पत्र आलंय, बुधवारी! डोक्यावरचं जुनं दगडफूल, ते दगडावर शेवाळासारखं वाढतं ते, बघणार म्हणे, त्यावरून वय कळतं."

गुप्तहेर पेनहेलने पत्र वाचलं. त्याचा मित्र सग, निवृत्त गुरांचा डॉक्टर, याने वहीत लिहिलं : चोर, बहुधा पबवाला.

पबवाला यो भडकला. "माझी लॉरी तिथे वळत नाही, कबूल. पण मी अख्खा क्रूस उपटला असता! नुसतं मुंडकं नेऊन काय करू? ढिलंच होतं ते. सोमवारपासून नाहीये. बाई रोज तिथूनच जातात, म्हटलं ठाऊक असेल."

सगने समोरचा मासा चाखला. "व्हिनेगर?"

"बाईंनीच नेलं. दोन कॅन. लोणचं घालतायत म्हणे, तेही मार्चमध्ये!"

सगने 'पबवाला' खोडलं.

बाईंच्या शेजारच्या मिसेस पिम कपडे वाळत घालत होत्या. "चोराचं नंतर बघा हो. टॅपस्कॉटबाई सोमवारपासून आंघोळीला माझ्याकडे! त्यांचा टब तुंबलाय. प्लंबर आणते म्हटलं, तर अंगावर आल्या."

सगने लिहिलं : प्लंबर?

"अरे सग, वही मीट," पेनहेल म्हणाला आणि थेट बाईंच्या दिवाणखान्यात गेला. "डोकं सोमवारी गेलं, तक्रार बुधवारी. मधे काय झालं? पत्र आलं, आणि दगडफूलच हवं होतं हे कळलं. व्हिनेगर लोणच्यासाठी नव्हतं, दगड घासायला होतं, आणि टबही तुंबलेला नाही. भरलेला आहे. बाई, पाहुणा येणार म्हणून तुम्ही क्रूसाच्या डोक्याला आंघोळ घातलीत."

बाईंनी न्हाणीघराचं दार उघडलं. "इतका कळकट होता हो," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा माणूस येणार आणि..."

"म्हणजे चोर कोण?" सगने विचारलं.

दुसऱ्या दिवशी खात्याचा माणूस परत बसवलेल्या, घासलेल्या दाढेसारख्या पांढऱ्या डोक्याकडे पाहतच राहिला. मग खाली वाकला. पायथ्याच्या पायऱ्यांवर दगडफूल शाबूत होतं. बाईंचे गुडघे दुखत असल्याने त्या तिथवर पोचल्या नव्हत्या.

क्रूस संरक्षित झाला. चौकात पाटी लागली : 'स्पर्श करू नये, घासू नये, धुऊ नये.' ती कुणासाठी, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

मिस टॅपस्कॉट दर शनिवारी ती पाटी घासून लख्ख करतात.