न दुखणारी गाठ

"आधी तुम्ही जाता की मी?"

तपासणी विभागात स्वच्छतागृह एकच, आणि दाराशी एकाच वेळी पोचलेले दोघं... दोघांच्या हातात पोट साफ करायच्या त्याच खारट पाण्याची बाटली.

"तुम्ही जा," ती ओठ आवळून म्हणाली.

"छे, आधी तुम्ही—"

"अहो, वाद कसला घालताय! पळा!"

तो पळाला, आणि ती इतकी हसली की तिचंच अवघड झालं.

तो पोहायला शिकवायचा. शौचातून रक्त जायचं, पण मूळव्याध समजून त्यानं सहा महिने अंगावर काढलं. शेवटी बहिणीनं दटावून पाठवलं. ती शिवणाचे वर्ग घ्यायची. तिचे बाबा बेचाळिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेले, म्हणून तिला बत्तिसाव्या वर्षीच दुर्बिणीची तपासणी सांगितली होती.

"मला काही होत नाही," तो दंड दाखवत म्हणाला. "रोज तीन किलोमीटर पोहतो."

"आतडं दंडात असतं का हो?"

तो बघतच राहिला... जरा जास्तच वेळ. तिनं उगाचच बट कानामागे सारली.

आठ दिवसांनी रिपोर्टसाठी दोघं मुद्दाम एकाच वेळी आले. आधी तिचा नंबर. दोन कोंब सापडले होते, ते तपासणीतच काढले होते.

"आतड्याच्या अस्तरावर पेशी नको तितक्या वाढल्या की असे कोंब येतात, पॉलिप म्हणतात त्याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरेचसे तसेच राहतात. एखाद्याचा दहाएक वर्षांत कॅन्सर होतो. दुखत नाही, कळतही नाही."

तिनं पोटावर हात ठेवला. आपल्याच पोटात... आणि आपल्याला पत्ता नाही?

मग त्याचा नंबर. "तुम्हीही चला ना," तो तिला म्हणाला.

"तुमच्या आतड्यात गाठ आहे, ती भिंतीत शिरलीये. कॅन्सर आहे. ऑपरेशन लवकर करायला हवं."

तो हसला. खरंच हसला, कुणी चेष्टा करावी तसं. मग चेहरा उतरत गेला. "पण मला कुठे काही दुखत होतं..." तेच तो तीनदा म्हणाला.

"या कोण तुमच्या?"

"या... ओळखीच्या. आठ दिवसांच्या."

"ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बसणार आहे," ती म्हणाली.

जिन्यात तो थांबला. "मला दया नकोय."

"दया? संताप आलाय मला! सहा महिने अंगावर काढलंत! तुम्ही आवडला नसतात तर इतकी चिडले असते का मी?"

बोलून गेली, आणि स्वतःच दचकली.

ऑपरेशन चार तास चाललं. बाहेर बाकावर ती आणि त्याची बहीण एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. दहा दिवसांनी अहवाल आला: रोग आतड्याबाहेर कुठेही पसरला नव्हता.

तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, गालफडं बसलेला. "पाच वर्षं तपासण्या चालतील म्हणे... वाट बघशील?"

"वाट कसली बघायची? डॉक्टरांना विचारलंय मी. दोन महिन्यांत लग्नाला उभं राहता येईल तुला."

त्याचा आ वासलेलाच राहिला.

बहिणीनं हातातला पेला खाली ठेवला. "तोंड मिट," ती म्हणाली, "आणि हो म्हण."