बाहेरच्या डब्यातलं पाणी

भाऊजी कालचा पेपर परत द्यायला आणि आजचा मागायला वर आले, तेव्हा वहिनींच्या दारात एक बाई उभी होती. छातीशी जाडजूड वही, आणि घंटी वाजवावी की नको या विचारात.

"वाजवा, वाजवा," भाऊजी म्हणाले. "आमच्या वहिनी फक्त खोटं बोलणाऱ्याला चावतात."

थोरला भाऊ गेल्याला चार वर्षं झाली होती. वहिनी विमा कंपनीत खोटे दावे पकडायच्या. निवृत्त झाल्यावर तेच काम घरून करू लागल्या. जन्मभर बस चालवलेले आणि खालच्या मजल्यावर एकटे राहणारे भाऊजी त्यांची गाडी चालवू लागले. डोकं वहिनींचं, स्टिअरिंग भाऊजींचं, अशी सरळ वाटणी.

बाई विभाग परिषदेच्या पर्यावरण खात्यात कारकून होत्या.

"खालच्या पाणथळीत शेकाटे घरटी करतात," त्या सांगू लागल्या. "लांब लाल पायांचे पक्षी. अंडी जमिनीवरच घालतात. डोंगरावर मोठा पाऊस झाला की संध्याकाळी ते पाणी पाणथळीत उतरतं. म्हणून वरती एक गुरुजी पाऊस मोजतात आणि रोज सकाळी आठला मला फोनवर आकडा सांगतात. तो मी लगेच चिठ्ठीवर लिहून झडपवाल्याकडे पाठवते. पन्नास मिलिमीटरच्या वर असला, तर तो झडप उघडतो, पाणी नदीत जातं."

"मग बिघडलं कुठे?"

"मंगळवारी गुरुजींनी पंचवीस सांगितले. मी पंचवीस लिहिले. झडप बंद राहिली आणि संध्याकाळी एकेचाळीस घरटी बुडाली." बाईंनी वहीवरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः वर गेले. पर्जन्यमापकात काचेची नळी असते, पंचवीसची. ती भरली की वरचं पाणी बाहेरच्या डब्यात सांडतं. ते नळीत ओतून मोजायचं आणि बेरीज करायची. त्या डब्यात अजून त्रेसष्ट होतं, ओतायचं राहिलेलं. म्हणजे पाऊस अठ्ठ्याऐंशी. साहेबांनी विचारलं, तुम्ही अठ्ठ्याऐंशीच सांगितले होते ना? गुरुजी हो म्हणाले. सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. सोमवारी चौकशी आहे, नोकरी जाईल."

"म्हणजे गुरुजी खोटं बोलले," भाऊजींनी निकाल लावला.

"ते नाही बोलायचे. एकोणीस वर्षं रोज बोलतोय आम्ही. कधी भेटलो नाही. आकडा अर्ध्या मिनिटात संपतो, मग विचारतात, खोकला कमी झाला का. मला दुसरं कुणी विचारत नाही हो."

वहिनी वही चाळत होत्या. भाऊजींनीही मान लांब करून पाहिलं. गेल्या वर्षीच्या पानावर सात, तेरा, एकतीस, चार. या हिवाळ्यानंतर पाच, दहा, वीस, पंधरा, पंचवीस.

"साहेब त्यावरूनही बोलले," बाई म्हणाल्या. "म्हणे, सोयीचे आकडे लिहितेस. पण मी ऐकलं तेच लिहिलं."

दुपारी दोघं झडपवाल्याकडे गेले. पाणथळ अजून भरलेली होती आणि शेकाट्यांची एक जोडी पाण्यावर नुसती घिरट्या घालत होती. भाऊजींना ते बघवेना.

झडपवाल्याच्या खोलीमागे ओली जाळी वाळत पडली होती. भाऊजींनी वहिनींना कोपर मारलं.

"मासे धरतो, खोटं कशाला बोलू?" झडपवाला म्हणाला. "पण पाणी चढलं की मासे पांगतात, माझंच नुकसान. ही मंगळवारची चिठ्ठी बघा. पंचवीस. आकड्याशिवाय झडपेला हात लावला तर माझी नोकरी जाते."

चिठ्ठी कारकूनबाईंच्याच अक्षरात होती, सव्वाआठची. भाऊजींचा चोर हातचा गेला.

गुरुजींचं घर डोंगराच्या टोकाशी. शेजार नाही. दारापासून पर्जन्यमापकापर्यंत कमरेइतक्या उंचीवर दोरी बांधलेली, पण तिच्यावर एकही कपडा नव्हता. पर्जन्यमापकापाशी खिळ्याला एक काठी टांगलेली, तिला बोटाबोटावर खाचा.

गुरुजींनी पाणी दिलं. भरताना पेल्यात बोट बुडवलं होतं, त्यामुळे भाऊजींनी ते तसंच ठेवलं. भिंतीवरची दिनदर्शिका हिवाळ्यातच थांबली होती.

"मुलगा म्हणतो, आता पुरे, माझ्याकडे चल," गुरुजी सांगत होते. "मी म्हणतो, परिषदेचं काम आहे, सोडता येत नाही."

वहिनी मघाशीच चपला काढून खिडकीशी गेल्या होत्या. गुरुजी मात्र रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलत राहिले. शिकलेला माणूस असून पाहुण्यांशी असं कसं वागतो, असं भाऊजींना वाटलं.

गाडीत बसल्यावर वहिनींनी पट्टा लावला. मग म्हणाल्या, "उद्या साहेब आणि कारकूनबाई दोघांना घेऊन येऊ. आठच्या आत."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी दाराबाहेरच सगळ्यांना बजावलं, मी सांगेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. आत शिरताना "कालचीच आम्ही" एवढं त्या एकट्याच म्हणाल्या. साहेब गुरुजींच्या समोरच्या खुर्चीत बसले. कारकूनबाई दाराशी उभ्या राहिल्या.

"या वहिनी, या भाऊजी," गुरुजी म्हणाले. "आणखी कुणी आलंय का?"

"तुमच्यासमोर साहेब बसलेत," वहिनी म्हणाल्या. "चार दिवसांपूर्वीच तुम्ही त्यांच्याशी बोललात. ओळखलं नाहीत, कारण तुम्हाला दिसत नाही. हिवाळ्यापासून."

गुरुजींचे हात मांडीवर थांबले.

"दिनदर्शिका तेव्हाच थांबली. आकडेही तेव्हाच बदलले. आधी सात, तेरा. नंतर सगळे पाचाच्या पटीत, कारण नळीत काठी बुडवून ओल्या खाचा बोटाने मोजायच्या आणि एक खाच म्हणजे पाच मिलिमीटर पाऊस. आकडे कारकूनबाईंनी सोयीचे केले नाहीत, ते तुमच्या काठीने केले. दोरी कपड्यांसाठी नाही, तुमच्या हातासाठी आहे. पेल्यात बोट घातलंत, कारण पाणी कुठवर आलं ते बोटालाच कळतं. आणि हिवाळ्यानंतर पंचवीसच्या वर एकही आकडा नाही. काठी नळी मोजते. बाहेरच्या डब्यातलं पाणी न सांडता नळीत ओतायला डोळे लागतात."

भाऊजींना काल न प्यायलेला पेला आठवला आणि ते मनातून ओशाळले.

गुरुजी काही बोलणार, तेवढ्यात घड्याळाने आठ ठोके दिले.

"आधी हा फोन," ते म्हणाले. "मग काय ती शिक्षा द्या." त्यांनी बोटांनी चाचपत नंबर फिरवला. तिकडे रिंग वाजत राहिली. गुरुजींचा चेहरा उतरला. "उचलत नाहीये. असं कधी होत नाही. काढलं का हो तिला?"

"मी इथेच आहे, गुरुजी," दाराकडून आवाज आला.

रिसीव्हर त्यांच्या हातात तसाच राहिला. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"डबा उचलला तेव्हा हाताला जड लागला होता, पोरी. मला कळलं होतं."

"मग 'खूप पडलाय' एवढंच म्हणायचं होतं."

"एकोणीस वर्षांत खूप असा आकडा कधी सांगितला नव्हता. साहेबांनी विचारलं आणि हो म्हणून बसलो. हे काम गेलं असतं तर आठ वाजता मी कुणाला फोन केला असता?"

"आणि माझी नोकरी गेली असती तर तो उचलला कुणी असता?"

कारकूनबाईंनी त्यांच्या हातातला रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला.

साहेबांनी तिथेच सांगितलं, की चौकशी रद्द होईल, चूक आपलीही आहे, आणि इथे आपोआप नोंद घेणारं यंत्र बसेल. आठच्या फोनची आता गरज उरणार नाही.

"मला आहे," कारकूनबाई म्हणाल्या. "उद्यापासून मी करेन. पण अजून राग आहे हं, गुरुजी. दोन-चार दिवस नीट बोलणार नाही."

"नको बोलूस," गुरुजी म्हणाले. "नुसता कर."

परतताना घाट उतरल्यावर भाऊजींनी गाडी हळू केली. पाणथळीच्या कडेला, जरा उंचावर, एक शेकाट्या नव्याने काड्या गोळा करत होता.

"एवढ्याशा फोनसाठी माणूस काय काय करतो," ते म्हणाले.

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "आता तुमचंच बघा. खालच्या दाराशी तुमच्या नावाचा पेपर रोज पडलेला असतो. चार वर्षं होत आली. जिन्याने उतरताना मी पाहते."

भाऊजींनी उगाचच हॉर्न वाजवला. रस्त्यात कुणीही नव्हतं.

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"बोलले असते तर तुम्ही यायचे थांबला असता." वहिनींनी काच खाली केली. "उद्या सातला या. चहा ठेवते. आणि येताना तुमचाच पेपर आणा, माझा मला सलग वाचायला मिळत नाही."