दोन पट्टे आणि मावशीचा कडा

मावशी हलायची थांबली, म्हणून आम्ही डोंगरात निघालो.

मावशी म्हणजे तहर जातीची रानबकरी. अमिरातीत फुजैरा शहराच्या पाठीमागे जे उघडेबोडके डोंगर आहेत त्यांच्या कड्यांवर हे प्राणी राहतात, आणि आता फारच थोडे उरलेत. आमच्या सर्वेक्षण कंपनीतल्या प्राणितज्ज्ञ इनेजनं तिच्या गळ्यात सिग्नल पाठवणारी कॉलर बांधली होती आणि वसईच्या आपल्या हट्टी मावशीची आठवण म्हणून तिला हे नाव दिलं होतं. जानेवारीतल्या एका सकाळी इनेजनं माझ्या टेबलावर लॅपटॉप आणून ठेवला. नकाशावरचा ठिपका आठवडाभर एकाच कड्यावर बसून होता.

"राजाभाऊ, एक तर ती मेलीय, नाहीतर कॉलर गळून पडलीय. मला वर जाऊन बघायचंय."

"तिथे कुत्री आहेत," मी म्हणालो.

"म्हणून तर तुम्ही हवेत!"

माणसांनी सोडून दिलेली आणि मग रानटी झालेली कुत्र्यांची टोळी त्या कड्याखालच्या वादीत, म्हणजे डोंगरांमधल्या कोरड्या दरीत, फिरत होती. आमच्या एका सर्वेअरची पोटरी त्यांनी फाडली होती. कंपनीकडे एक आखूड काळी टॅक्टिकल शॉटगन होती आणि कुत्र्यांना पळवायला नुसता आवाज करणारी काडतुसं होती. मी पूर्वी नौदलात होतो आणि इथे सेफ्टीचं काम बघतो, म्हणून परवान्यावर माझं नाव. बंदूक फुजैराच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात असायची. तिच्या अंगावर काय काय चढवायचं हे ठरवणं मात्र माझ्याकडे होतं, आणि ते काम मी शारजाला घरी बसून करायचो.

त्याचं कारण सांगतो. माझी बायको सुहासिनी मे महिन्यात गेली. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं होतं. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. गाडी हाकायची, काम करायचं, परत येऊन कुकर लावायचा. नववीतली अवनी रोज विचारायची, "बाबा, आर यू ओके?" मी म्हणायचो, "एकदम ठीक." आणि मग लॅपटॉप उघडून बंदुकीचे दस्ते बघत बसायचो.

मूळचा लाकडी दस्ता ठेवावा, की खांद्याच्या मापानं लांब-आखूड होणारा बसवावा, की मिटणारा? मिटणारा गाडीत सोयीचा, पण बार उडाला की गालफडात दणका देतो. पट्टा एका टोकाला अडकणारा घेतला तर बंदूक छातीवर लोंबते आणि चालताना गुडघे फोडते. दोन टोकांना अडकणारा घेतला तर पाठीवर छान बसते, पण वेळेला पुढे आणताना अडते. प्रत्येक प्रश्नाला कुठे ना कुठे उत्तर लिहिलेलं असायचं, ते मला बरं वाटायचं. सुहासिनी साधी किसणी घ्यायला दुकानात अर्धा तास लावायची. मी मागून तिचं डोकं खायचो, "घे गं कुठलीही एक, खलास!" आता मी महिनोन्‌महिने पट्टे निवडत होतो आणि मला "खलास" म्हणणारं कोणी नव्हतं.

बंदूक घरी आणता येत नव्हती, म्हणून पट्टे मी फरशी पुसायच्या मॉपच्या दांड्याला बांधून बघायचो. दस्त्याची लांबीही तशीच ठरवली. दिवाणखान्यात, एसीखाली, अंगात बनियन घालून.

"यू लुक रिडिक्युलस, बाबा," अवनी म्हणाली.

"माप घेतोय."

"ऑफ अ मॉप?"

शेवटी लांब-आखूड होणारा दस्ता घेतला, दोन टोकांचा पट्टा घेतला, नळीखाली टॉर्च, वर लाल ठिपक्याचा नेम, बाजूला काडतुसं खोचायची पट्टी. एवढं करूनही पट्ट्याबद्दल मन ठाम होईना, तेव्हा दुसराही पट्टा सॅकमध्ये टाकला. निघायच्या दिवशी अवनी दारात उभी राहिली. "प्रॉमिस मी. संध्याकाळपर्यंत." एवढा एक शब्द ती मराठीत बोलली. तिची आई हॉस्पिटलात जाताना 'संध्याकाळपर्यंत येते' असंच म्हणून गेली होती. मी प्रॉमिस केलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. तेव्हाही मला काही वाटलं नाही.

गाडी वादीच्या तोंडाशी थांबली. ड्रायव्हर नूरुद्दीन आमच्याबरोबर वर येणार होता. सॅक भरताना त्यानं दोरीचं वेटोळं पुढे केलं. "साब, रस्सी?"

माझ्या सॅकमध्ये काडतुसांचा डबा, टॉर्चच्या बॅटऱ्या, दुसरा पट्टा, पुसायचं तेल. त्या दोघांच्या सॅकमध्ये पाणी आणि इनेजची यंत्रं.

"राहू दे. दोपहर तक वापस आना है," मी म्हणालो. दोरी गाडीतच राहिली.

वादीत गार वारा सुटला होता. दोन्ही अंगांना तपकिरी, ठिसूळ डोंगर सरळ वर गेलेले, मधून पांढऱ्या गोट्यांचा कोरडा ओढा, आणि कुठे एखादं वाकडं बोरीचं झाड. आम्ही जाकिटं घातली. जाकिटावर सॅकचे बंद, बंदांवरून बंदुकीचा पट्टा. वाटेत एक कोरडा धबधबा लागला. इनेज भराभर चढून गेली. मी मध्यावर असताना बंदूक पाठीवरून घसरून काखेत आली आणि खडकावर आपटली. टॉर्च फुटला. पट्टा सैल करायची कडी सॅकच्या बंदाखाली जाऊन बसली होती, ती हाताला लागेना. वर पोहोचेपर्यंत डाव्या काखेत पट्टा असा रुतला की बोटं बधिर झाली.

"काय झालं?" इनेजनं विचारलं.

"काही नाही. चल."

"दाखवा तरी."

"इनेज, यल्ला, चल लवकर."

खरंच काही नव्हतं. हात आहे की नाही हे कळत नव्हतं एवढंच, आणि तशी मला सवय झाली होती.

दुपार कलायच्या बेताला आम्ही खिंडीत पोहोचलो. इथून कड्याच्या पोटातून एक अरुंद पायवाट जात होती. उजवीकडे भिंत, डावीकडे सुट्या दगडांची घसरण, आणि घसरण संपते तिथे खाली वादीचा तळ. इनेजच्या हातातलं कॉलरचा सिग्नल पकडणारं यंत्र पटापट टिकटिकायला लागलं. "जवळच आहे! त्या वळणापलीकडे!"

वळणावर कुत्री उभी होती.

पुढचा पिवळा, एक कान तुटलेला. त्याच्या मागे आणखी चार-पाच. कोणी भुंकलं नाही. पिवळा मान खाली घालून सरळ चालत आला.

"साब!" नूरुद्दीन ओरडला.

मी बंदूक पुढे ओढली. आली नाही! पुन्हा ओढली. नळी पुढे आली, पण दस्ता सॅकच्या बंदात अडकला. बनियनवर घेतलेलं माप! जाकीट आणि सॅक अंगावर असताना तो दस्ता चार बोटं लांब पडत होता. इनेज माझ्यापुढे होती. ती एक पाऊल मागे सरली. पिवळ्यानं उडी घेतली, तिच्या बाहीत दात रोवले. तिनं हात झटकला. बाही फाटली. तिचा पाय कडेच्या सुट्या दगडांवर पडला आणि ती गेली!

मी दस्ता खांद्याला लावायचा नाद सोडला. बंदूक कमरेशी धरली, नळी आभाळाकडे केली, चाप ओढला.

धाड! सगळी वादी दणाणली. पंप मागेपुढे, दुसरं काडतूस आत. धाड! कुत्री शेपूट घालून वळणापलीकडे पळाली. धाड! तिसऱ्या बारानं बाजूच्या पट्टीतली काडतुसं खळखळ घरंगळत दरीत गेली.

"इनेज!"

"इथे," खालून आवाज आला. "राजाभाऊ, हलता येत नाहीये."

ती पुरुषभर खोलीवर पोटावर पडली होती. एक पाय एका उंचवट्याला टेकलेला, दोन्ही पंजे दगडात रुतवलेले. तिच्या छातीखालून खडी सरसर खाली जात होती. तिच्या पायापलीकडे नुसती पोकळी दिसत होती.

नूरुद्दीननं माझ्याकडे बघितलं. दोरी गाडीत होती.

मी उरलेली काडतुसं काढली, बंदूक रिकामी आहे हे बोट घालून पाहिलं आणि भिंतीशी ठेवली. पट्ट्याच्या दोन्ही कड्या दाबून तो सोडवला, पूर्ण लांब केला. पुरत नव्हता. मग सॅक उपडी केली. दुसरा पट्टा! दोन्हींच्या कड्या एकमेकींत अडकवल्या, वर गाठ मारली, एक टोक डाव्या मनगटाला वेटोळी घालून गुंडाळलं आणि पालथा पडलो. नूरुद्दीन माझ्या पायांवर बसला.

"धर!"

"नाही पोचत!"

मी छातीभर पुढे सरकलो. खाली वादीतले गोटे तांदळाएवढे दिसत होते. अवनी दारात उभी राहिलेली आठवली. भीती! किती महिन्यांनी मला कसली तरी भीती वाटली होती.

"आता!"

तिनं झेप घेतली. पायाखालचा उंचवटा सुटला. तिचं सगळं वजन माझ्या मनगटावर आलं. पट्टा करकरला, गाठ ताणली, मनगटावरची कातडी सोलली गेली. हात बधिर होता म्हणून मला कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून मी सोडला नाही.

"खींचो, साब! खींचो!"

वीतभर. आणखी वीतभर. तिचा पंजा वाटेच्या काठावर आला, मग कोपर. नूरुद्दीननं तिच्या सॅकला हात घातला आणि आम्ही तिघं एकमेकांवर पडलो. बराच वेळ कोणी उठलंच नाही.

इनेजच्या फाटक्या बाहीखाली एक लालभडक ओरखडा होता. यंत्र अजून टिकटिकत होतं. वळणाशी गेलो तर घसरणीच्या मधोमध कॉलर पडलेली दिसली, हात लांबवून मिळणार नाही अशी. आत मावशीच्या हालचालींच्या दोन वर्षांच्या नोंदी होत्या.

मी पट्टा पुन्हा मनगटाला गुंडाळायला लागलो.

"ठेवा तो," इनेज म्हणाली. "राहू दे तिथेच."

"अगं, पण तुझा प्रोजेक्ट..."

"वर बघा ना!"

वरच्या कातळावर एक तहर उभी होती. गळा मोकळा, मानेवरचे केस कॉलरनं घासलेले. पायाशी एक पिल्लू. बंदुकीचे तीन बार ऐकूनही ती जागची हलली नव्हती.

"हट्टी आहे," इनेज म्हणाली. ती हसत होती आणि तिचे दात कडाकडा वाजत होते. "अगदी आमच्या मावशीसारखी."

उतरताना मी बंदूक दोन्ही हातांत धरली, दस्ता पार आखूड करून. फुटका टॉर्च आणि लाल ठिपका काढून सॅकमध्ये टाकले. जोडलेल्या पट्ट्यांचं एक टोक इनेजच्या कमरेला होतं आणि दुसरं नूरुद्दीनच्या हातात. धबधबा उतरलो तेव्हा माझ्या डाव्या हातात रक्त परतायला लागलं. आधी मुंग्या आल्या, मग आग झाली, मग मनगटापासून खांद्यापर्यंत असा ठणका लागला की मी गोट्यांवर मटकन बसलो.

"बहुत दर्द?" नूरुद्दीननं विचारलं.

"बहुत," मी म्हणालो.

गाडीपाशी मोबाइलला रेंज आली तेव्हा डोंगरांच्या सावल्या वादीभर पसरल्या होत्या. अवनीचे मेसेज एकामागून एक आले. मी फोन लावला. पहिल्या रिंगलाच तिनं उचलला.

"बाबा! आर यू ओके?"

'एकदम ठीक' हे शब्द जिभेवर तयार होते. इनेज गाडीच्या पायरीवर बसून हाताला औषध लावत होती. मी तिच्याकडे पाठ केली.

"नाही," मी म्हणालो. "हात सोलवटलाय. आणि आज मी खूप घाबरलो होतो. आता निघतोय, येतोच आहे घरी. अवनी, मला तुझ्या आईची फार आठवण येतेय गं."

पलीकडे ती नाक ओढते आहे हे ऐकू आलं.

"मला पण, बाबा," अवनी म्हणाली. "रोज येते."